तक्रारवाल्यांच्या सिस्टर

वसावे सिस्टरांकडे कोणी तावातावाने तक्रार घेऊन आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. दुसऱ्या कोणाच्याही कपाळाला आठ्या पडल्या असत्या. सिस्टर मात्र खुर्ची पुढे सरकवायच्या, पाण्याचा ग्लास भरून द्यायच्या आणि पोरीला बघायला पाहुणे आले आहेत अशा कौतुकाने समोरच्याकडे बघत राहायच्या. 'तो वेडा माझ्या टपरीसमोर बसतो', 'ती बाई पाणपोईचं पाणी सांडते', 'त्याला एकदाचा उचला इथून' असं काहीबाही तो बोलत असायचा. सगळा राग बाहेर पडला की सिस्टर हळूच विचारायच्या, "रोज बघता का हो त्याला?"

"रोजचंच आहे ते!"

"मग बरं झालं. गुरुवारी दुपारी या."

गुरुवारी दुपारी काय असतं, ते मात्र त्या लगेच सांगत नसत.

मीही अशीच गुरुवारात अडकले. शहाद्याच्या बसस्थानकासमोर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. एका उन्हाळ्यात दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन बसायला लागली. वयाचा अंदाज येत नव्हता. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर एकावर एक घातलेले झंपर आणि छातीशी धरलेलं एक गाठोडं. कॉलेजची पोरं तिला गठडीवाली म्हणत. खाली पोतं अंथरून ती बसायची आणि बिघडलेल्या झेरॉक्सचे कागद टोपलीतून घेऊन त्यांच्या बारीक पट्ट्या फाडत राहायची. दाखल्यांसाठी येणाऱ्या मुली तिला बघून पलीकडच्या दुकानात जाऊ लागल्या. मी नगरपालिकेत सांगून पाहिलं, ठाण्यात सांगून पाहिलं. शेवटी कोणीतरी एक नंबर दिला. वाटलं, आता गाडी येईल आणि तिला घेऊन जाईल.

आली ती एक स्कूटी. तिच्यावरून एक ठेंगणी, रुंद हाडाची बाई उतरली. छापील साडी, गळ्यात बारीक साखळीत क्रूस, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेली. नाडी मोजायची सवय लागलेल्या नर्सबाया घड्याळ असं घालतात, हे मला नंतर कळलं. ती बाई दुकानात आलीच नाही. सरळ पायरीपाशी गेली, पोत्याच्या कडेला थांबली, पायातल्या चपला काढल्या आणि कोणाच्या घराबाहेर ठेवाव्यात तशा जोडीने बाजूला ठेवल्या. मग वाकून विचारलं, "बसू का इथं?"

गठडीवाली कागदाच्या पट्ट्या फाडत राहिली. सिस्टर तशाच उभ्या, तापलेल्या फरशीवर, अनवाणी. मी काउंटरमागून बघत होते आणि मनात म्हणत होते, हिलाच कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं. बऱ्याच वेळाने गठडीवालीने गाठोडं स्वतःकडे जरासं ओढून घेतलं. पोत्याचा एक कोपरा मोकळा झाला. सिस्टर तिथे टेकल्या. नाव नाही, गाव नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "इथं ऊन किती वेळ राहतं?" आणि उत्तराची वाट न बघता रस्त्याकडे बघत बसल्या.

नंतर त्या माझ्याकडे आल्या. "तक्रार तुमची का?"

"हो. किती दिवस सांगते आहे, कोणी नेतच नाही."

"दिवसभर इथंच?"

"अंधार पडायला लागला की स्टँडात जाते. खांबाआड."

"खाते काही?"

"भात दिला तर खाते. पोळी दिली तर गाठोड्यात ठेवते. केळं सोलून द्यावं लागतं."

"का बरं?"

"बोटं वळत नाहीत हो तिची नीट."

सिस्टर हसू दाबत होत्या. "म्हणजे तुम्ही केळं सोलून देता आणि तक्रार पण करता."

"मग काय करू? गिऱ्हाईक तुटतं माझं."

"काही करू नका. दोन्ही चालू ठेवा. फक्त गुरुवारी दुपारी या."

गुरुवारी गेले ते थोडं कुतूहलापोटी आणि थोडं भांडायला. गावाबाहेर एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं गोदाम एका छोट्या संस्थेने घेतलं होतं. वरच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांना अजून कापसाचे पुंजके चिकटलेले होते. एका बाजूला रस्त्यावरून आलेल्या माणसांच्या खाटा, दुसऱ्या बाजूला स्वयंपाक आणि मधल्या मोकळ्या जागेत सतरंजीवर आठदहा माणसं बसलेली. एक होमगार्डची बाई, एक रसवंतीवाला, स्टँडातल्या कॅन्टीनचा आचारी. बोलता बोलता कळलं की सगळ्यांनी कधी ना कधी तक्रारच केलेली होती.

वसावे सिस्टर नवापूरकडच्या डोंगरातल्या. घरी तिथल्या आदिवासींची कोकणी बोलायच्या, आमची अहिराणी त्यांना ऐकून ऐकून आलेली, त्यामुळे आमच्याशी बोलताना त्या शाळेतली मराठी जपून वापरायच्या. उभी नोकरी एका मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयात गेली होती. निवृत्त झाल्यावर आराम करायचा सोडून इकडे आल्या. आमच्या भागात या आजारांचे डॉक्टर फार कमी. शहाद्याला एक तरुण डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून दोनदा यायचे. सिस्टर म्हणायच्या, "डॉक्टर महिन्यातले दोन दिवस. बाकीचे दिवस आजार काय रजेवर जातो? ते दिवस कोणाचे? आपले."

पण आपले म्हणजे नेमके कोणाचे? एकदा मी त्यांना विचारलंच. गावात इतकी दयाळू माणसं आहेत, देवळात अन्नदान करणारी, पाणपोई घालणारी. त्यांना सोडून आमच्यासारखी किटकिट करणारी माणसं का गोळा करता? त्या म्हणाल्या, "ज्यांना ती बाई दिसतच नाही, त्यांच्याशी मी काय बोलू? तक्रार करणाऱ्याला निदान ती दिसते तरी." आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. शिकवताना त्यांच्या हाताला सतत काहीतरी काम असायचं, आणि आमच्याही हाताला त्या ते लावायच्या. रिकामा हात असला की माणूस समोरच्याकडे टक लावून बघतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला ते सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमच्यात सगळ्यात मोठ्या आवाजाचे नरोत्तमभाई. कळसाडीचे, कापूस आणि ऊस करणारे, गुजर पाटील घराण्यातले. त्यांची तक्रार गोदामात प्रसिद्ध होती. त्यांच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीत एक अनोळखी माणूस राहायला लागला होता. ते आले आणि दारातूनच ओरडले, "सिस्टर, मन्ही मोटारनी खोलीमा एक माणूस ऱ्हास! स्टार्टरले हात लावी दिना ते मरी जाई ना तो!"

"म्हणजे काळजी वाटते तुम्हाला त्याची," सिस्टर म्हणाल्या.

"काळजी नही! केस व्हई जाई मन्हावर!"

"चालेल. केसची काळजी पण चालते."

या नरोत्तमभाईंना बोलायला शिकवणं म्हणजे एक सोहळाच होता. सिस्टर कोणालातरी रस्त्यावरचा माणूस करून सतरंजीच्या कोपऱ्यात बसवायच्या आणि आम्ही एकेकाने त्याच्याशी बोलायला जायचं. नरोत्तमभाई गेले आणि धडाधड सुरू झाले, "तुन्हं नाव काय? गाव कोनतं? बाप काय करस? भाऊ किती शेतस?" सिस्टर म्हणाल्या, "भाई, सोयरीक जुळवताय का?" सगळं गोदाम हसलं. मग त्यांनी त्यांचा नियम सांगितला. एकच प्रश्न विचारायचा, तोही जागेबद्दल, आणि मग रस्त्याकडे बघायचं. तो माणूस जिथे बसतो ती जागा त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. तिच्याबद्दल विचारलं तर तो घरधनी होतो. त्याच्याबद्दल विचारलं तर तो चोर होतो. चपलांचंही तेच. "पोतं अंथरलंय म्हणजे घर आहे ते. चपला घालून कसं जायचं?" एकदा स्टँडावर सिस्टरांची एक चप्पल कुत्र्याने पळवली. त्या दिवसभर एकाच चपलेने फिरल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याबाहेर चपला काढल्याच.

नरोत्तमभाई पक्के शाकाहारी, आणि सिस्टरांच्या डब्यात बहुतेक वेळा नागलीची भाकरी आणि सुकट. एका गुरुवारी भाईंनी नाक दाबून तक्रार केली. सिस्टर म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं," आणि पुढच्या गुरुवारी डबा घेऊन मागच्या निंबाखाली एकट्या जाऊन बसल्या. थोड्या वेळाने बघते तर भाई आपलं ताट घेऊन निंबाखालीच, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, हातभर अंतर राखून बसलेले. "एकलं जेवतस का कोनी?" असं पुटपुटत होते. त्यानंतर दर गुरुवारी त्यांची पंगत तिथेच बसायची.

सिस्टर कोणावर चिडत नसत. मी त्यांना एकदाच चिडलेलं पाहिलं, आणि तेही माझ्या सासूबाईंवर. सासूबाई कौतुकाने गोदामात आल्या होत्या. तिथे एक माणूस गोळी घेत नाही असं त्यांच्या कानावर पडलं. त्या सहज म्हणाल्या, "भातमा कालई द्या ना. त्याले काय समजस?" सिस्टरांच्या हातातला पेला खाली आदळला. "असं कधी करायचं नाही. एकदा भातात गोळी सापडली की भातही गेला आणि आपणही गेलो. मग तो कोणाच्या हातचं खाईल?" घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाई खरं बोलनी."

गोळ्या, त्यांचे त्रास, हात थरथरायला लागले किंवा मान ताठली तर लगेच कोणाला कळवायचं, काय कबूल करायचं आणि काय करायचं नाही, हे त्यांनी आमच्याकडून पाठ होईपर्यंत घोकून घेतलं. 'तुम्हाला घरी पोचवते' असं कोणी बोललं की त्या थांबवायच्या. "घर आहे का ते माहीत आहे? त्याला जायचं आहे का ते विचारलंय?" औषध ठरवायचं ते डॉक्टरांनीच. पण माणूस डॉक्टरांपर्यंत यायचा तो आमच्याबरोबर चालत, आणि पुन्हा जायचा तोही आमच्याबरोबरच.

गठडीवालीच्या बाबतीत तर डॉक्टरच पायरीवर आले. मी रोज थोडा वेळ तिच्याशेजारी बसायला लागले होते. चपला काढून, हातात फाईलच्या नाड्या ओवायचं काम घेऊन. हळूहळू ती उन्हाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागली होती. बोटाने दाखवायची, इथपर्यंत. डॉक्टर आले त्या दिवशी सिस्टरांनी त्यांनाही बूट काढायला लावले. बूट नाडीचे. एका नाडीला गाठ बसली. डॉक्टर एका पायावर तोल सांभाळत ती सोडवायला लागले आणि माझ्या दुकानाच्या शटरवर जाऊन आदळले. गठडीवाली हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. तिचे समोरचे दोन दात पडलेले होते हेही तेव्हाच दिसलं. डॉक्टरही हसले आणि बूट हातातच घेऊन खाली बसले.

पुढे ती गोदामात आली. आपणहून आली असं म्हणणार नाही. चारदा आली, तीनदा परत गेली. चौथ्यांदा राहिली. नाव जमना सांगितलं. उसाच्या तोडीला घरच्यांबरोबर गुजरातेत गेली होती, तिथे बाळंतपणात मूल गेलं आणि त्यानंतर तिचं काहीतरी बिघडत गेलं, एवढं पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. एका सकाळी ती ऊसतोडीच्या पडावावरून चालायला लागली ती कित्येक वर्षं चालतच राहिली. गाठोडं तिच्या उशाशीच असायचं. त्यात काय आहे हे सिस्टरांनी कधी बघितलं नाही आणि आम्हालाही बघू दिलं नाही.

नाव सांगितल्यानंतर कित्येक महिने जमनाबाई हो आणि नाही यांच्यापलीकडे काही बोलली नाही. खायची, गोळी घ्यायची, अंगण झाडायची. आम्हाला वाटलं, एवढं झालं हेच पुष्कळ. एका दुपारी पंगत बसलेली असताना तिने ताट पुढे सरकवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "दाय पातय शे."

आपली डाळ पातळ म्हटल्यावर आचारी चमकला. सिस्टर वाढता वाढता थांबल्या. "काय म्हणालात?"

"दाय. रोज पातय ऱ्हास."

सिस्टरांनी वरणाची बादली खाली ठेवली आणि चक्क टाळ्या वाजवल्या. आचाऱ्याचं तोंड पडलं होतं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "जमनाबाई, गुरुवारी दुपारी या."

आम्ही सगळे हसलो. ही थट्टा आहे असं वाटलं. गुरुवारी जमनाबाई खरोखरच सतरंजीवर येऊन बसली, माझ्या शेजारी.

डॉक्टरांना हे पटलं नाही, आणि त्यांची कारणं खरी होती. उपचार चालू असलेल्या बाईला रस्त्यावर पाठवायचं, तिथे कोणी शिव्या देणार, कोणी मारायला धावणार, तिची झोप गेली तर? आजार उलटला तर? सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. दोघांनी बसून ठरवलं. जमनाबाई एकटी जाणार नाही, तिच्या झोपेत फरक दिसला की काम बंद, आणि तिच्या कामाचं तिला संस्थेतल्या इतर कामकऱ्यांसारखंच मानधन. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, पण मलाही धास्ती होती. माझ्या पायरीवर कागद फाडणारी बाई आता माझ्याबरोबर फिरणार होती.

डॉक्टरांची भीती एकदा खरी झाली. पोळ्याच्या सुमारास जमनाबाईचं बोलणं वाढलं, झोप उडाली, ती सगळ्यांवर संशय घ्यायला लागली. आम्ही घाबरलो. सिस्टरांनी शांतपणे तिला कामावरून थांबवलं, डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं. मी म्हणाले, "आता पुन्हा कामावर नको हो घ्यायला." त्या म्हणाल्या, "तुम्हाला मागे टायफॉईड झाला तेव्हा दुकान विकलं होतं का?" महिनाभराने जमनाबाई परत आली, जराशी ओशाळलेली. सिस्टर म्हणाल्या, "रजा संपली का? चला."

स्टँडावर मी तिचं काम बघायचे. एकदा खांबाआड राहणारी एक बाई तिच्यावर थुंकली. मी पुढे झाले तर जमनाबाईने हाताने थांबवलं, पदराने गाल पुसला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे ताई. मी बी थुकेल शे लोकेसवर." आणि तिथेच थोडी लांब सरकून बसली. चार दिवसांनी त्या बाईने तिच्याकडून पाणी घेतलं.

मधे तिच्या भावाचा पत्ता लागला, मोलगीच्याही वरच्या एका पाड्यावर. भाऊ जीपने येऊन तिला घेऊन गेला. गळ्यात पडून रडला. आम्हीही रडलो. गोदामात तिच्या खाटेवर दुसरी बाई आली. होळी करून जमनाबाई परत हजर. आम्हाला वाटलं, घरी काही बिनसलं. तसं काही नव्हतं. भावजय चांगली होती, खायला प्यायला होतं. ती म्हणाली, "तठे समदा माले सांभाळतस. आठे मी कोनले तरी सांभाळस." सिस्टरांनी तिला जवळच्या गल्लीत एक खोली बघून दिली. सणाला गावी, एरवी शहाद्यात, असं तिचं तिने ठरवलं.

आणि मग सिस्टरच गेल्या. गावी त्यांच्या आईचं जागेवरून उठणं बंद झालं होतं. बघायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी निरोप समारंभ करू दिला नाही. नरोत्तमभाईंनी केळ्यांचा एक अख्खा घड आणला आणि तो नवापूरच्या बसमध्ये कुठे ठेवायचा यावरून कंडक्टरशी भांडण काढलं. त्या गडबडीत निरोपाचं बोलणं राहूनच गेलं. मला राग आला होता. नवी नर्स यायची होती, कधी येईल ते कोणाला माहीत नव्हतं. मी बसच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "आता आम्ही कोणाला विचारायचं?"

"फोन आहे ना."

"आणि लागला नाही तर? डोंगरात कुठे रेंज असते?"

त्यांनी खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. बस निघाली तेव्हा हात सोडला.

त्यांना जाऊन दोन महिने झाले असतील. श्रावण होता. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि तापी फुगली होती. दुपारी नदीकाठच्या प्रकाशा गावाहून फोन आला. देवळाजवळचा प्रसादाचा दुकानदार ओरडून सांगत होता, "घाटवर एक माणूस बसेल शे, उठतच नही! पाणी चढी ऱ्हायनं! कोनी गयं ते अजून खाले सरकस!" नरोत्तमभाई नेमके दुकानात कागद काढायला आले होते. त्यांच्या जीपमधून मी आणि जमनाबाई निघालो. वाटेत मी सिस्टरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

घाटावर दोनशे माणसं तरी असतील, आणि सगळी एकाच वेळी ओरडत होती. पोलिसांच्या गाडीवरचा कर्णा लोकांना मागे व्हायला सांगत होता. खाली, पाण्यापासून दोन पायऱ्या वर, एक दाढी वाढलेला माणूस गुडघ्यांना मिठी मारून बसलेला. दोन पोहणारे दोर बांधून तयार होते. पण मघाशी ते पुढे गेले तसा तो पाण्याकडे सरकला होता. पाणी गढूळ, लाकडं वाहून येत होती. तोल गेला असता तर दोराचा काही उपयोग झाला नसता.

जमनाबाईने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि पायऱ्या उतरायला लागली. मला माझं काम दिसत होतं. मी फौजदारसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, कर्णा बंद करा. आणि पोहणाऱ्यांना त्याच्या नजरेआड उभं करा. थोडा वेळ द्या तिला." ते म्हणाले, "बाई, पाणी वेळ देणार आहे का?" पण त्यांनी कर्णा बंद केला. दुकानदार अजून ओरडतच होता. मी त्याला म्हटलं, "दादा, कोरडी चादर लागेल, आणि चहा. तुमच्याकडूनच." तो एकदम गप्प झाला आणि धावत गेला. नरोत्तमभाईंनी हात पसरून बाकीच्या माणसांना मागे रेटलं. घाट शांत झाला. आता पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

जमनाबाई त्या माणसापासून थोडी दूर, त्याच्याच पायरीवर बसली. नदीकडे बघत. पाणी खालच्या पायरीवर आलं तेव्हा तिने विचारलं, "काल पानी कोठेलोंग व्हतं?"

तो हलला नाही. ती थांबली. मग त्याने एक हात गुडघ्यावरून सोडवला आणि बोटाने खाली दाखवलं. तिथे आता नुसतं पाणी होतं. ते दाखवताना त्याची नजर पाण्याकडे गेली, आणि मला वाटतं त्याने ते तेव्हाच बघितलं.

"मन्हा पाय वल्ला व्हयना," ती म्हणाली, "मी वरली पायरीवर बसस," आणि एक पायरी वर सरकून बसली. हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. थोड्या वेळाने तोही तसाच, बसल्या बसल्या, एक पायरी वर आला. मग ती आणखी एक. मग तो. दोन म्हातारी माणसं वाळवणाजवळून उन्हाबरोबर सावलीकडे सरकतात ना, तसे ते दोघे सरकत होते. पाणी मागे मागे येत होतं. दोनशे माणसांमधून कोणी खोकलंसुद्धा नाही. अर्ध्या घाटावर आल्यावर त्याने तिला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली, आणि दोघेही उठून उभे राहिले.

धर्मशाळेच्या ओट्यावर तो दुकानदाराची चादर पांघरून चहा पीत बसला तेव्हा घाटाच्या खालच्या सगळ्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. दुकानदार त्याच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, अजून घेशील का. मी जमनाबाईला विचारलं, "काय विचारलं गं त्याने?"

"इचारस, तुले पवता येस का." ती हसली. "मी म्हन्लं, नही."

ती गोष्ट आता गोदामात दर गुरुवारी नव्या माणसांना कोणी ना कोणी सांगतंच. आता माणसं सतरंजीवर मावत नाहीत. नवी नर्सही आली आहे, चांगली आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. प्रकाशाचा दुकानदार दर गुरुवारी पहिल्या बसने येतो आणि नरोत्तमभाईंच्या वरताण बोलतो. तो घाटावरचा माणूस सध्या कळसाडीला आहे. भाईंच्या उसाला पाणी भरतो आणि स्टार्टरला हात लावायच्या आधी रबरी चपला घालतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या घाटाच्या दुसऱ्या दिवशीचं. सकाळी दुकान उघडत होते तेव्हा सिस्टरांचा फोन आला. आवाज तुटत होता. मी सगळं सांगितलं, पाणी, कर्णा, पायऱ्या. त्यांनी मधे मधे विचारलं, जेवला का, झोपला का, जमनाबाई कशी आहे, तिला झोप लागली का. मग मी जरा रागानेच म्हणाले, "काल फोन केला होता मी तुम्हाला. उचलला नाही तुम्ही."

"आईला आंघोळ घालत होते. हात साबणाचे. पुसून येईपर्यंत बंद पडला."

"मग परत तरी करायचा ना!"

"करणार होते. मग म्हटलं, अडलं असेल तर वाजेल परत. फोन समोर ठेवून ओसरीवर बसले." मग त्या म्हणाल्या, "वाजलाच नाही."

मी शटरला हात लावून तशीच उभी राहिले. परत फोन करायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.